घडीचा ऑर्गन

मराठीत 'पेटी' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. कपडे ठेवावयाची तीही पेटी आणि भजनाला साथ करते तीही पेटी. हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूत एकवटलेले पाहावयाचे असतील तर घडीचा ऑर्गन पाहावा. मिटलेला असतो तेव्हा तो बोटीने परदेशी जाणाऱ्या माणसाच्या मोठ्या ट्रंकेसारखा दिसतो. दोन बाजूंना धरावयाच्या मुठी, पुढे कुलुपाचा खटका, कोपऱ्यांना पत्रा. झाकण उघडून आतला भाग वर ओढला, बाजूच्या फळ्या खाचेत बसविल्या आणि पायाने दाबावयाच्या दोन फळ्या खाली सोडल्या, की दोनतीन मिनिटांत त्या ट्रंकेचे वाद्य होते. चार सप्तके, एकोणपन्नास पट्ट्या, खाली भाता आणि त्या भात्याला जोडलेले पट्टे. वाजवून झाले की पुन्हा घडी. दोन माणसांनी उचलावे आणि चालू लागावे.

आमच्या धर्मग्रामात असा एक ऑर्गन आहे. २०१९ साली माझी येथे नेमणूक झाली तेव्हा तो साक्रिस्तीच्या माळ्यावर, जुन्या नाताळ-गोठ्याच्या बांबूंखाली पडलेला होता. त्याच्याविषयी लिहिण्यापूर्वी या वाद्याच्या कुळाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कारण आपल्यापैकी बहुतेकांची अशी समजूत असते की ऑर्गन म्हणजे हार्मोनियमचा थोरला भाऊ. नाते आहे, परंतु ते इतके सरळ नाही.

दोन्ही वाद्यांत सूर निघतो तो पितळेच्या पातळ पत्तीतून. ही पत्ती एका टोकाला पक्की बसविलेली असते व दुसरे टोक एका अरुंद फटीत मोकळे असते. हवा त्या फटीतून वाहिली की पत्ती थरथरते व नाद उत्पन्न होतो. लांब व जड पत्तीचा सूर खालचा, आखूड पत्तीचा वरचा. इतकी साधी गोष्ट आहे. परंतु आपल्या हातपेटीत भाता हवा बाहेर ढकलतो, तर अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो. एक उच्छ्वास टाकून गातो, दुसरा श्वास घेऊन. म्हणूनच ऑर्गनचा आवाज पेटीच्या मानाने गोल आणि मऊ वाटतो, आणि पेटीची धार त्याला नसते. जाणकार मंडळी याची आणखीही कारणे सांगतील. माझ्यासारख्या धर्मगुरूला एवढे पुरे आहे.

ही मोकळी पत्ती मूळची युरोपची नव्हे, पूर्वेची. चीनमध्ये 'शेंग' नावाचे बांबूच्या नळ्यांचे वाद्य फार प्राचीन काळापासून वाजविले जाते. पेकिंगच्या राजदरबारी राहणारे फ्रेंच येशूसंघीय फादर जोझेफ-मारी आमियो यांनी १७७७ च्या सुमारास ते पॅरिसला पाठविले. चिनी संगीतावर त्यांनी ग्रंथही लिहिला होता. युरोपात मोकळ्या पत्तीवर जे प्रयोग पुढे झाले त्यांना या देवघेवीने चालना दिली, असे इतिहासकार मानतात. पुढे १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी 'हार्मोनियम' या नावाने आपल्या वाद्याचे स्वामित्व नोंदविले. म्हणजे ज्या पेटीला आपण साहेबाची म्हणून कधी डोक्यावर घेतले व कधी हिणविले, तिच्या पूर्वजाचा प्रवास आशियातून युरोपकडे झाला आणि तो निदान काही अंशी एका धर्मगुरूच्या सामानातून झाला, हे मला गमतीचे वाटते.

अमेरिकेत मात्र या वाद्याला निराळेच भाग्य लाभले. तेथे नवी गावे वसत होती, चर्चेस लाकडी व गरीब होती आणि नळ्यांचा मोठा ऑर्गन बांधणे परवडणारे नव्हते. व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो या गावी १८४६ पासून चाललेल्या एस्टे कंपनीने पत्त्यांचे पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनविले. शिकागोचे पीटर फिलिप बिल्हॉर्न (१८६५–१९३६) हे स्वतः प्रार्थनासभांत गाणारे व गीते रचणारे गृहस्थ. गावोगावी फिरताना बरोबर नेता येईल असे वाद्य त्यांना हवे होते, म्हणून त्यांनी स्वतःच घडीचा ऑर्गन तयार केला व पुढे त्याचा कारखाना काढला. त्यांच्या गिऱ्हाइकांत मिशनरी पुष्कळ होते. ही मंडळी प्रॉटेस्टंट होती, हे येथे मोकळेपणाने नमूद करावयास हवे. घडीच्या ऑर्गनचा शोध आपल्या कॅथलिक मंडळींनी लावलेला नाही. आपण तो आनंदाने उसना घेतला.

उष्ण देशांकडे पाठवावयाच्या वाद्यांत सरसाऐवजी स्क्रूचा उपयोग अधिक करीत, कारण दमट हवेत सरस सुटतो. लोकरीच्या पट्ट्यांना कसर लागते, भात्याच्या कापडाला उंदीर लागतात, पत्तीवर हिरवा गंज चढतो. उंदरांवरून आठवले. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे १८१८ च्या नाताळच्या रात्री 'शांत रात्र' हे गीत प्रथम गायिले गेले ते गिटारीच्या साथीने, हे खरे आहे. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून तसे झाले, ही मात्र मागाहून जोडलेली गोष्ट आहे. दरवर्षी नाताळच्या प्रवचनात ती कोणी ना कोणी सांगतोच. तिला पुरावा नाही. परंतु ज्याने वसईच्या पावसाळ्यात ऑर्गन सांभाळला आहे त्याला ती खोटी वाटणार नाही!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याबरोबर जे धर्मगुरू जात त्यांच्यासाठी घडीचे ऑर्गन मोठ्या संख्येने बनविले गेले. एस्टे कंपनीने ते पुरविले. त्यांना लष्करी हिरवा रंग दिलेला असे. जीपगाडीच्या पुढच्या भागावर वेदी मांडून मिस्सा अर्पण करणारे धर्मगुरू आपण छायाचित्रांत पाहिले आहेत. त्या चित्राच्या कडेला कोठेतरी ही हिरवी पेटी उघडून एखादा शिपाई बसलेला असे. मोशेच्या लोकांनी कराराचा कोश रानातून दांड्यांवर वाहून नेला, त्या कोशाशी या पेटीची तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु उपासना चालती-फिरती असावी लागते, ही गरज त्या लोकांइतकीच जुनी आहे.

आता आमचा ऑर्गन. त्याची हकिकत मला आमच्या वृद्ध ऑर्गनवादकांनी सांगितली. त्यांना सारे गाव 'ऑर्गनकाका' म्हणते. मीही तेच म्हणतो. वय चौऱ्याऐंशी. त्यांचे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. महायुद्ध संपल्यावर लष्कराचे उरलेसुरले सामान मुंबईत विक्रीला निघाले, त्यात तंबू, बूट, कंदील यांच्या ढिगात ही पेटी त्यांना मिळाली. ती उघडल्यावर आत काय आहे हे विकणाऱ्यालाही नीटसे ठाऊक नव्हते म्हणे. वडिलांनी ती आगगाडीने वसई रोडला आणली, तेथून बैलगाडीने गावी, आणि तिच्यावर तपकिरी रोगण चढवून ती चर्चला दिली. मोठ्या ऑर्गनसाठी आमच्या चर्चपाशी पैसे नव्हते आणि आजही नाहीत.

काका दहा वर्षांचे असताना त्यांच्या पायांना भात्याच्या फळ्या पुरत नसत. दोन विटा ठेवून ते शिकले. प्रथम लॅटिन मिस्सा, मग परिषदेनंतर मराठी गीते. परंतु या पेटीचे खरे वैभव चर्चच्या आत नव्हते, बाहेर होते. मे महिन्यात गावातील क्रुसांपाशी जपमाळेची प्रार्थना होई. प्रत्येक आळीचा क्रूस निराळा आणि प्रत्येक आळीचा दिवस निराळा. केळीच्या बागांतून, पाटाच्या कडेने, दोन तरुण ही पेटी वाहून नेत. मागे कंदील घेतलेली मुले. शेणाने सारवलेल्या अंगणात पेटी उघडली जाई. नवसाच्या प्रार्थनेला, वास्तूच्या आशीर्वादाला, रुग्णाच्या घरी प्रभुशरीर नेताना, ज्या घरात मृत्यू झाला त्या घरीही ती जाई. नळ्यांचा ऑर्गन असता तर तो जागचा हलला नसता.

मग १९८० नंतर ध्वनिक्षेपक आले, त्यानंतर विजेचा कीबोर्ड आला. त्यात बासरी आहे, सतार आहे, ढोल आहे, आणि म्हटले तर नळ्यांचा ऑर्गनही आहे. आमचे तरुण तो उत्तम वाजवितात. मी त्यांच्यावर टीका करीत नाही. रविवारच्या मिस्सेला आठशे माणसे असतात, तेथे पितळी पत्तीचा निभाव कसा लागावा? ऑर्गन माळ्यावर गेला, हे स्वाभाविक होते.

काकांनीही कीबोर्ड काही वर्षे वाजविला. पुढे त्यांना ऐकू येईनासे झाले. कानातील यंत्राने माणसांचे बोलणे थोडेफार कळे, परंतु संगीताचा नुसता कलकलाट होई. एका नाताळात गायकवृंद एका सुरात आणि काका दुसऱ्या सुरात, असे झाले. त्यांना कोणी काही बोलले नाही. त्यांनी आपण होऊन गीतांची वही बंद केली व त्यानंतर ते मागच्या बाकावर बसू लागले.

२०२१ साली मुंबईहून जुन्या वस्तूंचे एक व्यापारी आमच्याकडे आले. चित्रपटांना असल्या वस्तू लागतात, शिवाय मोठमोठ्या हॉटेलांत शोभेला ठेवतात. त्यांनी पंचेचाळीस हजार रुपये देऊ केले. त्या वर्षी साक्रिस्तीचे छप्पर गळत होते. धर्मग्राम परिषदेत चर्चा झाली तेव्हा बहुतेकांचे मत विकून टाकावे असेच पडले, आणि त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. "फादर, माळ्यावर कसर खाते आहे, त्यापेक्षा कोणाच्या तरी घरी नांदेल," असे एक बाई म्हणाल्या. एका तरुणाने आणखी मूलभूत प्रश्न काढला. आपण भारतीय उपासनेविषयी एवढे बोलतो, मग हे पाश्चात्त्य वाद्य जपण्याचा अट्टहास कशासाठी?

या प्रश्नावर मी सेमिनरीत असल्यापासून विचार करीत आलो आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा जो संविधानपत्र दिला त्यात नळ्यांच्या ऑर्गनचा गौरव आहे. परंतु त्याच्या लगत आधीच, ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य तो मान द्यावा, असेही बजावलेले आहे. आम्हांला शिकविणारे प्राध्यापक दुसऱ्या वाक्यावर जोर देत आणि ते योग्यच होते. मला तबला, झांजा व भजनी ठेका मिस्सेत प्रिय आहे. तरीही कोणते वाद्य आपले आणि कोणते परके, याचा निवाडा कागदावर करता येत नाही. १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानोला बंदी केली होती. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी केली. तिचे सूर पक्के ठोकलेले, तिला मींड घेता येत नाही, भारतीय श्रुतींचा ती घात करते, असा आक्षेप होता. रवींद्रनाथ ठाकूरांसारख्यांचा त्याला पाठिंबा होता. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. परंतु त्या सबंध काळात वारकऱ्यांच्या दिंड्यांत, कीर्तनांत, मैफलींत पेटी वाजतच राहिली, आणि १९७१ नंतर आकाशवाणीलाच आपला निर्बंध हळूहळू सैल करावा लागला. मराठी रंगभूमीचे उदाहरण तर घरचेच आहे. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्याला साथ होती ती ऑर्गनची आणि सारंगीची. आजही संगीत नाटकाची नांदी ऑर्गनवाचून ओकीबोकी वाटते. त्या ऑर्गनला कोणी परका म्हणत नाही. मग आमच्याच अंगणांतून सत्तर वर्षे फिरलेला ऑर्गन परका कसा?

हे सारे मी परिषदेत बोललो, पण त्याने कोणाचे मत बदलले असे मला वाटत नाही. मत बदलले ते काकांमुळे. व्यापाऱ्याला दाखविण्यासाठी पेटी माळ्यावरून खाली काढलेली होती. काका मिस्सेनंतर तेथे आले, काही न बोलता खुर्ची ओढून बसले व त्यांनी पाय चालविले. भाता फाटलेला, अर्ध्याहून अधिक पट्ट्या मुक्या. एक खालचा सूर तेवढा लागला. काकांनी ती पट्टी बराच वेळ दाबून धरली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फादर, गुडघ्याला लागतो."

मला प्रथम उमगले नाही. मी माझा हात पेटीच्या फळीवर ठेवला तेव्हा समजले. पत्ती थरथरली की सारी लाकडी पेटी थरथरते. कीबोर्डचा सूर दूरच्या भोंग्यातून येतो. काकांच्या बोटांना तेथे नुसते गुळगुळीत प्लास्टिक लागे. येथे सूर त्यांच्या बोटांतून, गुडघ्यांतून, तळपायांतून वर येत होता. त्यांना ऐकू येत नव्हते हे खरे, पण सूर कळत होता.

परिषदेच्या पुढील बैठकीत विक्रीचा ठराव मागे घेण्यात आला. छपराचे काम एक वर्ष लांबणीवर पडले आणि त्या पावसाळ्यात साक्रिस्तीत चार बादल्या ठेवाव्या लागल्या, हेही लिहावयास हवे.

दुरुस्तीची कथा लांब आहे. पहिल्या कारागिराने दोन महिने पेटी ठेवून घेतली आणि पत्त्या इतक्या घासल्या की काही सूर कायमचे बिघडले. पत्तीचे टोक खरवडले तर सूर चढतो, बुडाशी खरवडले तर उतरतो. हे काम केसाच्या अंतराचे आहे, कानशीने उरकावयाचे नव्हे. दुसरे गृहस्थ नाटकांचे ऑर्गन दुरुस्त करणाऱ्यांच्या घराण्यातील निघाले. त्यांनी भात्याला नवे कापड लावले, प्रत्येक पत्ती आकड्याने बाहेर काढून मऊ कुंचल्याने स्वच्छ केली व एकेक सूर मिळविला. दर निम्माच घेतला. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, "देवाचं काम आहे." ते स्वतः गणपतीचे भक्त आहेत.

बाहेरचे लाकूड घासण्याचे काम मात्र गावातील सुताराकडे होते. तपकिरी रोगणाखाली त्याला हिरवा रंग लागला, तो गडद लष्करी हिरवा. काकांना बोलावून दाखविला. वडिलांनी रोगण चढविले तेव्हा ते सहासात वर्षांचे होते, तरी त्यांना तो रंग आठवत नव्हता. ते बराच वेळ पाहत राहिले. मग विचारले, "ही वाजवणारा तो शिपाई घरी पोचला असेल का हो, फादर?" मी काय उत्तर देणार? त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी त्या अनाम वादकासाठी प्रार्थना केली. जिवंत असला तर शंभरीचा असेल. सुताराला मी सांगितले की एक बाजू न घासता तशीच हिरवी ठेव.

आता दर बुधवारी सकाळच्या मिस्सेला काका ऑर्गन वाजवितात. त्या मिस्सेला दहाबारा माणसे असतात, बहुतेक वृद्ध. काकांची लय संथ झाली आहे. गाणारे त्यांच्यासाठी थांबतात. कीबोर्ड वाजविणाऱ्या मुलांपैकी एक दिवस एकजण म्हणाला, "फादर, हे फारच हळू आहे." मी म्हटले, "बुधवारी घाई कोणाला आहे?" पहिल्या शुक्रवारी मी रुग्णांना प्रभुशरीर द्यावयास जातो, तेव्हा शक्य असेल त्या घरी पेटीही नेतो. पूर्वी दोन तरुण ती वाहून नेत, आता रिक्षाच्या मागच्या आसनावर ती बरोबर बसते. पवित्र गुरुवारी गौरवगीतानंतर ऑर्गन मौन धरतो आणि पास्काच्या जागरणापर्यंत उघडत नाही. त्या तीन दिवसांत काका पेटीची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतात. मी एकदा कारण विचारले. "कोणी मुलानं उघडली तर?" एवढेच म्हणाले.

बारा वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे शिकावयास येते. तिचे पाय फळ्यांना पुरतात, विटा लागत नाहीत. काका तिच्या शेजारी उभे राहतात आणि तळहात पेटीच्या हिरव्या बाजूवर ठेवतात. चुकीची पट्टी पडली की त्यांचा हात उचलला जातो. तिला ते बरोबर कळते.

वरच्या सप्तकातील दोन सूर अजून मुके आहेत. तसल्या पत्त्या येथे मिळत नाहीत. नाटकवाल्या कारागिरांनी एखाद्या मोडक्या ऑर्गनमधून त्या काढून देण्याचे कबूल केले आहे. पावसाळ्यात पेटी कपाटात ठेवावी व आत लहानसा दिवा सतत लावून ठेवावा, म्हणजे ओल धरत नाही, असा त्यांचा सल्ला. एलईडी दिव्याला ऊब नसते, त्याला जुना तारेचा दिवाच हवा, आणि ते दुकानांतून मिळेनासे होत आहेत. गेल्या महिन्यात वसईच्या बाजारात एका दुकानदाराकडे मागच्या फळीवर धूळ खात पडलेले सहा दिवे मिळाले, ते सहाही मी घेऊन आलो आहे.